रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता

गणपती सखाराम कांबळे यांना ज्याबद्दल मत नाही असा विषय कोल्हापुरात तरी निघाला नव्हता. जन्म छप्पन्नच्या धर्मांतराआधीचा, म्हणून घरात बुद्धवंदना आली तरी नाव गणपतीच राहिलं. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणायचे, "नाव बापानं दिलंय, डोकं बाबासाहेबांनी. दोन्ही वापरतोय." जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. उलटं अक्षर सुलटं वाचायची सवय इतकी मुरली होती, की समोरचा काही बोलला तरी आधी ते उलटं करून तपासायचे. चौऱ्याण्णव साली मालकानं कॉम्प्युटर आणला, खिळे भंगारात काढले आणि गणपतींच्या हातात एक भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायला लागली, कारण आता ते दिवसभर गल्लीतच असायचे.

गल्लीच्या तोंडाशी, मंडळाच्या खोलीबाहेर, भिंतीवर एक काळा फळा होता. पाणी किती वाजता सुटणार, रक्तदान शिबिर कुठं, कोण वारलं, हे त्यावर खडूनं लिहायचं. कोल्हापुरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन, आणि लग्नाला एक वेळ दांडी मारली तर खपतं, पण रक्षाविसर्जनाला न जाणाऱ्याला लोक वर्षभर ऐकवतात. त्यामुळं जाता-येता फळ्याकडं मान वळायचीच. अण्णांनी खडू हातात घेतला आणि मरणाच्या बातमीखाली जी जागा उरायची, तिथं रोजचं एक मत लिहायला सुरुवात केली.

मतदारांची फोटोची ओळखपत्रं निघाली तेव्हा त्यांनी लिहिलं, "फोटो काढताना हलू नका, असे सरकार सांगते. न हलणे सरकारला चांगले जमते." मतदानाचं यंत्र आलं तेव्हा लिहिलं, "बटण दाबले की यंत्र ओरडते. पूर्वी निकालानंतर आपण ओरडत होतो." हेल्मेटची सक्ती, मोबाईलचे मनोरे, गुटख्यावरची बंदी, काही सुटलं नाही. समोरच पृथ्वीराज नावाच्या पोरगेल्या गृहस्थानं व्हिडिओ गेमचं दुकान काढलं, तर तीन वर्षांत निदान चाळीस वेळा त्याच्यावर खडू झिजला. "रुपयाला पाच मिनिटे मारामारी. घरी फुकट होते, तरी पोरे रांग लावतात," हे त्यातलं एक. पृथ्वीराजला ते इतकं आवडलं की त्यानं ते रंगवून आपल्याच शटरवर लावलं. अण्णा आठवडाभर धुमसत होते.

अण्णांच्या बायकोचं नाव यल्लव्वा. निपाणीकडची, बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकणारी. पृथ्वीराजच्या दुकानाच्या पायरीशी तिची पाटी असायची, भाजलेल्या शेंगा आणि चिरमुऱ्यांची. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरं जुळवण्यात जन्म गेलेल्या माणसाची बायको, आणि तिला स्वतःचं नाव ओळखता येत नव्हतं. अण्णांना याची खंत होती म्हणावं तर तसंही नाही, त्यांना ते कधी सुचलंच नाही. या माणसाचा राग येतो तो इथंच. रोज जेवताना ते दिवसाचं मत तिला ऐकवायचे, ती "व्हय" म्हणायची आणि दुसरी भाकरी वाढायची. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत तिला सोडायला जायचे आणि कुठलं चिन्ह ते बजावायचे, तिथंही ती "व्हय" म्हणायची. बेचाळीस वर्षांच्या संसारातलं एकूण एक "व्हय" अण्णांनी होकारात धरलं होतं.

दोन हजार पाचच्या एप्रिलात, बाबासाहेबांच्या जयंतीच्या तोंडावर, मंडळानं सरकत्या लाल अक्षरांचा बोर्ड आणला. पैसे पृथ्वीराजनं घातले, कारण त्याला महापालिकेत जायचं होतं. बोर्ड लागायच्या आदल्या दुपारी यल्लव्वा पाटीशेजारी बसल्या बसल्याच गेली. शेंगा घ्यायला आलेल्या बाईला आधी वाटलं, डुलकी लागली असेल. दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला, आणि मंडळानं ठरवलं की पहिली ओळ अण्णांच्या घरची. संध्याकाळी चौकात लाल अक्षरं सरकू लागली: "यल्लव्वा गणपती कांबळे यांचे दुःखद निधन. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता, पंचगंगा घाट. सौजन्य: पृथ्वीराज व्हिडिओ गेम्स." अण्णांनी त्या अवस्थेतही ओळ दोनदा तपासली. चूक नव्हती. ज्या दुकानाच्या नावानं आपण खडे फोडले, त्याच्या सौजन्यानं बायको जाहीर झाली, हे त्यांना लागलं असणार.

रक्षाविसर्जन झालं, जलदान विधी झाला, मुलगी प्रीती चार दिवस राहून पन्हाळ्याला आपल्या घरी गेली. आणि मग उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. वीज परत आली की बोर्ड दोन क्षण लुकलुकायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा, म्हणजे यल्लव्वापासून. पृथ्वीराज दुकानातून रिमोट घेऊन यायचा आणि पुढचा मजकूर लावायचा, पण तो गिऱ्हाइकांत अडकला किंवा पावण्यांकडं बिद्रीला गेला, तर तासन् तास तीच ओळ फिरत राहायची. अण्णांनी ती काढायला सांगितली. पृथ्वीराज म्हणाला, "अण्णा, पयली वळ पोटात बसलीय. काढायची तर मराठी अक्षरं बी जात्यात सगळी, आन् ती भरणारा पुण्याला नोकरीला गेला. लोकास्नी ठावं हाय की, जुनं हाय म्हणून."

गल्लीतल्या लोकांना ठाऊक होतं. रस्त्यावरून बसनं जाणाऱ्यांना नव्हतं. जूनमधल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, विठाबाई नावाची एक बाई अण्णांच्या दारात येऊन उभी राहिली. हुपरीत घरी बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडणारी बाई, दर सोमवारी माल घेऊन कोल्हापुरात यायची आणि येताना यल्लव्वाकडून शेंगा घ्यायची.

"तासभर घाटावर उभारलोय," ती म्हणाली. "कुनी न्हाय तितं. असली कसली रक्षा तुमची?"

अण्णांनी तिला चुकीबद्दल हात जोडले. छापखान्यात चूक झाली की ती ज्याच्या हाताखालून गेली त्यानं कबूल करायची, ही त्यांची शिस्त. विठाबाईनं पाणी घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "परवाच तर बोललो आमी. कशी हासत हुती. त्यो विटांचा गेम खेळत हुती दुकानात. दुपारी पोरं नसत्यात तवा त्यो पृथ्वीराज तिला खेळू द्यायचा फुकट. म्हणाली, आमचं मालक म्हणत्यात ह्यानं डोकं बिघडतंय. मला इचारशील तर डोकं त्या दोन घटका गप ऱ्हातंय, एवढंच सुख."

ज्या दुकानावर अण्णांनी चाळीस मतं लिहिली, त्याच दुकानात त्यांची बायको दुपारचा गेम खेळत होती. पृथ्वीराजला जाऊन विचारलं, तर तो लाजला. "व्हय अण्णा. तुमास्नी सांगू नको म्हणायच्या. लई भारी खेळायच्या."

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी नऊला घाटावर जाऊ लागले. कारण सरळ होतं: बोर्ड वाचून कुणी आलंच तर त्याला चूक झाली म्हणून सांगायला कुणीतरी हवं. निदान पहिला आठवडा तरी कारण तेवढंच होतं. रोज कुणी यायचं नाही. तीन-चार दिवसांनी एखादा माणूस यायचा, टोपी किंवा पदर सारखा करत इकडंतिकडं बघायचा, आणि अण्णा पुढं व्हायचे.

निवृत्त शिक्षिका मधुवंतीताई आल्या. मतदान केंद्रावर त्यांची ड्युटी बरीच वर्षं गल्लीतल्या शाळेतच लागायची. अण्णांना त्यांनी ओळखलं आणि थोड्या अवघडल्या. "परवाच मंडईत दिसल्या मला यल्लव्वाबाई, चांगल्या होत्या," असं म्हणून मग सावकाश म्हणाल्या, "एक सांगू का, कांबळे? तुम्ही फाटकापाशी त्यांना चिन्ह सांगायचात, आणि त्या आत आल्या की हसायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, 'ताई, भाईर त्येंचं मत, आत माजं.' कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, विचारूही नये. पण तुम्ही सांगितलेलं नव्हतं, एवढं नक्की."

त्या रात्री अण्णांना जेवण गेलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही, भूक लागल्यासारखं झालं. आणखी काय होतं हिच्या डोक्यात? बेचाळीस वर्षांचं न ऐकलेलं बोलणं कुठंतरी साठून राहिलंय आणि एकेक माणूस त्यातलं ओंजळभर घेऊन घाटावर येतोय, असं त्यांना वाटू लागलं. ओळ काढ म्हणून पृथ्वीराजच्या मागं लागणं त्यांनी सोडून दिलं. उलट वीज गेली की ते चौकातल्या कट्ट्यावर येऊन बसायचे आणि ती परत यायची वाट बघायचे. आता फळ्यावरही ते तिचीच मतं लिहायचे, तिचं नाव न घालता. लोक म्हणाले, अण्णा हल्ली लई धारदार लिहायला लागलेत.

जुलैच्या शेवटी पंचगंगेला पूर आला. पायऱ्या बुडाल्या, तरी अण्णा रोज पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन यायचे. ऑगस्टात पाणी उतरलं, घाटावर चिखल राहिला, आणि त्या चिखलातून चपला हातात घेऊन सूरज नावाचा एक जण आला. बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला होता, आठवड्याच्या सुट्टीला कोल्हापुरात यायचा.

"वाईट झालं," सूरज म्हणाला. "परवा शेंगा घेतल्या तवा बोलत हुत्या. म्हणाल्या, पाणी चार दिसांत उतरलं, पर पंचनामा करणारं सायेब अजून जिन्यावरनं उतरंनात."

अण्णा हसले. बोलणं तिचंच होतं, तो बारीक चिमटा, ते न हसता सांगणं. आणि मग हसता हसता त्यांनी बोटांवर महिने मोजले. यल्लव्वा एप्रिलात गेली होती. हा पूर तिनं बघितला नव्हता.

"कुठं भेटली?" त्यांनी विचारलं.

"तितंच की, दुकानाच्या पायरीवर."

त्या पायरीवर चार महिने कुणी बसलेलं नव्हतं. अण्णा घाटावरून तडक तिथं गेले. पायरी रिकामी होती, आतून गेमचा पीप-पीप आवाज येत होता. ते मंडईत गेले. लसूणवालीला विचारलं, "शेंगावाली यल्लव्वा दिसली का गं?" तिनं मान वर न करता सांगितलं, "आत्ताच गेली की हितनं." कुणाला काही विचारलं की मंडईत हेच उत्तर मिळतं, अण्णांना ते कळत होतं. तरी त्यांनी मंडईच्या तिन्ही वाटा धुंडाळल्या.

सप्टेंबरात वॉर्डाची सोडत निघाली आणि वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पृथ्वीराजनं ताबडतोब बायकोला, सोनमला, उभं करायचं ठरवलं. गल्लीभर फलक लागले, त्यावर सोनमचं नाव बारीक आणि पृथ्वीराजचा फोटो हातभर. आठवड्याभरानं घाटावर आलेली एक म्हातारी अण्णांना सांगत होती, "यल्लव्वा परवा म्हणाली, नाव सोनमचं, फोटू पृथ्वीराजचा, आन् उद्या सही कुनाची ते बघायला आमी रांगेत."

हे अण्णांनी फळ्यावर लिहिलं. पृथ्वीराज बोलायचा बंद झाला.

तसे हल्ली बरेच जण बोलायचे बंद झाले होते. म्हणजे भांडून नव्हे. कट्ट्यावर चहा आला की कप त्यांच्या पुढून शेजाऱ्याकडं जायचा. रिक्षावाला हात केला तरी थांबायचा नाही. एकदा मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "अण्णा असते तर काय म्हणाले असते," आणि अण्णा तिथंच, दाराशी बसलेले होते. त्यांनी खाकरून दाखवलं. लोक हसले, ओशाळले, विषय पुढं गेला. फळा मात्र सगळे थांबून वाचत होते.

ऑक्टोबरात आचारसंहिता लागली. महापालिकेचा एक लिपिक वही घेऊन आला, बोर्डाखाली मान वर करून उभा राहिला आणि "सौजन्य" येताच त्यानं पेन काढलं. उमेदवाराच्या नवऱ्याचं दुकान, भर चौकात, दिवसरात्र. उद्या सकाळी दहापर्यंत बोर्डातलं सगळं पुसा, नाहीतर बोर्ड उचलून नेऊ, असं त्यानं लिहून दिलं. मरणाच्या बातमीलाही आचारसंहिता लागते, यावर जुन्या अण्णांनी फळा भरून काढला असता. या अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी पृथ्वीराज घरी आला. कित्येक दिवसांनी आला होता, दाराशीच बसला.

"पुसावं लागंल अण्णा. सोनमचा अर्ज बाद हुईल. आन् खरं सांगू, यल्लव्वामावशीस्नी सोडा आता. लोक सांत्वनाला तसं बोलत्यात. परवाच भेटली, कालच बोलली. रीत हाय ती. मी बी बोलतो की तसं दुसऱ्याच्या घरी."

"आन् पुराचं? सोनमच्या फलकाचं?"

"ती त्येंची सोताची मतं असणार. मावशीच्या तोंडात घातली."

अण्णा म्हणाले, "चाळीस वर्सं मतं जुळवलीत मी, पृथ्वीराज. दुसऱ्याचं मत सोताच्या नावावर खपवणारी माणसं पायलीला पन्नास बघितली. सोताचं मत दुसऱ्याच्या नावावर सोडणारा एक बी न्हाय बघितला."

"उद्या धाला पुसतो," एवढंच म्हणून पृथ्वीराज उठला.

तो गेल्यावर अण्णांना उमगलं की इतक्या महिन्यांत त्यांनी घाटावर आलेल्यांना गेमचं विचारलं, मताचं विचारलं, पुराचं, सोडतीचं, सगळं विचारलं, पण एक गोष्ट कुणालाच विचारली नव्हती. धीरच झाला नव्हता. आता एकच सकाळ उरली होती, आणि तीही कुणी आलं तर. थोड्या वेळानं गेलेली वीज आली. लाल अक्षरं लुकलुकून सरकू लागली आणि यल्लव्वा गणपती कांबळे चौकात शेवटची जाहीर झाली. अण्णांनी कट्ट्यावर बसून ती ओळ कितीतरी वेळा वाचली.

सकाळी साडेआठलाच ते घाटावर पोचले. नऊ वाजले, कुणी नाही. कुणा दुसऱ्याची माणसं आली, रक्षा सोडून निघून गेली. साडेनऊ झाले. अण्णा दोनदा वर रस्त्यापर्यंत जाऊन आले. पावणेदहाला एक ठेंगणी म्हातारी पायऱ्या उतरून आली. हातात पिशवी, कपाळावर घाम.

"पावणं," तिनं विचारलं, "शेंगावाल्या यल्लव्वाची रक्षा हितंच न्हवं? का उरकली?"

"उरकली," अण्णा म्हणाले.

"गाडीच चुकली बगा." ती धपकन खालच्या पायरीवर बसली. "मी बायडाबाई. निपाणीची, तिच्या म्हायेरची. काल सांजच्याला बसमधनं नातीनं बोर्ड वाचून दावला, मला खरंच वाटंना. परवा स्टँडवर भेटलो की आमी. तासभर बोललो."

अण्णा तिच्यापासून दोन पायऱ्यांवर बसले. "नवऱ्याबद्दल काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्याबद्दल?" बायडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्यो तर मागंच गेला न्हवं का, एप्रिलात. तेच सांगत हुती बिचारी. म्हणाली, अक्का, बेचाळीस वर्सं त्यो बोलायचा आन् मी व्हय म्हणायचो. कवा एकदा गप बसंल असं व्हायचं मला. आता घर गप झालंय, तर घास उतरंना. म्हणाली, लई हुशार माणूस हुता, जगाला इचारायचा. मला एकदा इचारलं असतं, तुजं काय म्हणणं हाय म्हणून, तर बोललो असतो की मी. माज्याकडं लई हुतं बोलायला."

नदीवरून वारा आला. अण्णांनी काही तपासलं नाही, काही उलटंसुलटं केलं नाही. त्यांना रडू आलं आणि ते रडले, घाटावर रडणाऱ्याकडं कुणी बघत नाही.

"तुमी कोण तिचं?" बायडाबाईनं विचारलं.

अण्णांनी नाव सांगितलं नाही. "परत भेटली," ते म्हणाले, "तर निरोप द्या. म्हणावं, त्यो आता गप बसलाय. तू बोल."

बायडाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग पिशवी छातीशी धरली आणि होईल तितक्या भरभर पायऱ्या चढून रस्त्याला लागली. अण्णा नदीकडं तोंड करून, न बोलता, बसून राहिले. दहा वाजून गेले होते.